गाडी धुण्याचा हिशोब

आमच्या धर्माबादला गाडी घरी धुवावी की वॉशिंग सेंटरला न्यावी, हा वाद तसा नवाच. धुणं मात्र जुनं. पोळा आला की बैल गोदावरीवर नाहीतर ओढ्यावर न्यायचे, चोळून अंघोळ घालायची, मग खांदेमळणी. खांदा कुठे सोललाय ते हात फिरवल्यावरच कळतं.

गाडीचंही तेच. स्वतः पुसताना ओरखडा दिसतो, गंज दिसतो, टायरमधला खिळा दिसतो. तळाचा चिखल मात्र सेंटरच्या प्रेशरनेच निघतो, हे मान्य.

पण खरा मुद्दा पाण्याचा. बाभळी बंधारा आमच्या तालुक्यातच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याची दारं उघडी ठेवावी लागतात. भर पावसाळ्यातलं पाणी डोळ्यांदेखत तेलंगणात जातं.

आणि शेजारचं लातूर? १२ एप्रिल २०१६ ला तिथे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेत १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर. म्हणजे माणशी जेमतेम तांब्याभर! दोन बादल्यांत गाडी धुतली, तरी तेवढ्यात तीसेक माणसांचा त्या दिवशीचा वाटा संपतो.

तेव्हापासून आमच्या घरचा नियम असा: उन्हाळ्यात नुसतं ओलं फडकं, एरवी दोन बादल्या, आणि चिखलाच्या दिवसांतच सेंटर. गाडी थोडी मळकी दिसते. दिसू दे.

तुमच्याकडे काय पद्धत?