एक लाख व्होल्टपासून बारा व्होल्टपर्यंत: कर्जत-खालापुरातील विजेचा हिशोब

सह्याद्रीच्या पायथ्याशी उल्हास नदीच्या काठी वसलेले आणि आता कर्जत नगरपरिषदेत सामावलेले दहिवली ज्या पट्ट्यात येते, त्या पट्ट्याने गेल्या शंभर वर्षांत विजेचे तीन अगदी वेगळे दाब पाहिले: डोंगरउतारावरून मुंबईकडे जाणाऱ्या तारांतील एक लाख व्होल्ट, बोरघाट चढणाऱ्या आगगाडीचे दीड हजार आणि मोटारीच्या बॅटरीचे बारा. मोटारीत बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे ध्वनीचा क्षीण विद्युत्‌संकेत मोठा करून कर्ण्यापर्यंत पोचवणारे यंत्र, किती प्रवाह ओढतो हा प्रश्न वरवर किरकोळ दुरुस्तीच्या दुकानातला वाटतो. परंतु ज्या गणिताने तो सुटतो, त्याच गणितावर खोपोलीचे वीजघर आणि कर्जतची रेल्वे उभी राहिली.

हे गणित गुणाकाराचे आहे. विजेचा दाब व्होल्टमध्ये आणि प्रवाह अ‍ॅम्पिअरमध्ये मोजतात, आणि त्यांचा गुणाकार म्हणजे वॅटमधील शक्ती. त्यामुळे तीच शक्ती कमी दाबाने पोचवायची झाल्यास प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की तूट चौपट होते. टाटा जलविद्युत कंपनीने लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी घाटाखाली उतरवून 1915 मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू केले, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांपर्यंत वीज नेण्यासाठी एक लाख व्होल्टचा दाब निवडण्याचे कारण हेच होते. दहा हजार किलोवॅट शक्ती या दाबाने नेली, तर तीन फेजांची वाटणी बाजूला ठेवून प्रवाह शंभर अ‍ॅम्पिअरच्या आसपास भरतो; तीच शक्ती बारा व्होल्टने न्यायची म्हटली, तर सव्वाआठ लाखांहून अधिक अ‍ॅम्पिअर वाहून नेणारे तांबे घाटापासून परळपर्यंत अंथरावे लागले असते. पुढे 1922 मध्ये आंध्रा खोऱ्याच्या पाण्यावर कर्जत तालुक्यातच भिवपुरीचे वीजघर आले. त्याचे वापरलेले पाणी आजही राजनाल्यातून उन्हाळी भाताला मिळते, आणि तालुक्यातील शेतकऱ्याला या वीजघराचा फायदा विजेपेक्षा पाण्याच्या रूपाने अधिक ठळकपणे जाणवतो.

रेल्वेने मधला दाब निवडला. कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण 1929-30 च्या सुमारास 1,500 व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहावर झाले, कारण त्या काळच्या इंजिनांच्या मोटारींना तोच सोयीचा होता. ज्यांना रेल्वेत खेकडा म्हणत, ती सुमारे 2,600 अश्वशक्तीची मालगाडीची इंजिने 1 : 37 चा चढ पूर्ण ताकदीने चढताना, निव्वळ हिशोबाने, 1,300 अ‍ॅम्पिअरच्या जवळपास प्रवाह ओढत असणार, आणि मोटारींतील तूट धरली तर त्याहूनही अधिक, म्हणून या मार्गावर जाड तारा आणि जवळजवळची उपकेंद्रे अटळ होती. मध्य रेल्वेच्या मुंबईकडील मुख्य मार्गाचे 25,000 व्होल्टवर रूपांतर 2015 मध्ये पूर्ण झाले. त्या दाबाने तेवढ्याच शक्तीला ऐंशी अ‍ॅम्पिअरही लागत नाहीत.

मोटारीची अडचण याच्या उलट होती, कारण तिची बॅटरी लहान आणि दाब मुळातच कमी. अमेरिकी मोटारींत 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुधा सहाच व्होल्ट असत. निर्वात नळ्यांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, रेडिओला मात्र दोनशे व्होल्टच्या आसपास दाब लागे. तो मिळवण्यासाठी थरथरणाऱ्या पात्याने बॅटरीचा प्रवाह वरचेवर तोडून तो रोहित्रातून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, वाढवावा लागे. या खटाटोपात बरीच शक्ती वाया जाई. गावोगावी वीज पोचण्यापूर्वी मोटारीवर भोंगे बांधून फिरणाऱ्या प्रचाराची आणि सभांची सारी मदार अशाच बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांवर असे. ट्रान्झिस्टर आल्यावर हा व्हॉल्व्हचा खटाटोप संपला.

आजच्या अ‍ॅम्प्लिफायरचा हिशोब असा. समजा चार कर्ण्यांना प्रत्येकी 50 वॅट, म्हणजे एकूण 200 वॅट सलग द्यायचे आहेत. जुन्या धाटणीचे एबी वर्गाचे यंत्र ओढलेल्या शक्तीपैकी साधारण 60 टक्के कर्ण्यांना देते आणि उरलेली तापून घालवते. म्हणजे ते 333 वॅट ओढते, आणि इंजिन चालू असताना मिळणाऱ्या 13.8 व्होल्टने त्यास भागल्यास 24 अ‍ॅम्पिअर येतात. प्रवाह अतिवेगाने चालू-बंद करून काम करणारे डी वर्गाचे यंत्र 85 टक्के कार्यक्षम धरले, तर हाच आकडा 17 वर उतरतो. संगीतात आवाज सतत टिपेला नसल्याने सरासरी ओढ याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत किंवा त्याहूनही खाली राहते. तथापि तार आणि फ्यूज कमाल आकड्यावरच ठरवावे लागतात. पाच मीटर जाऊन पाच मीटर परत येणाऱ्या चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत 25 अ‍ॅम्पिअरला एक व्होल्टहून थोडा अधिक दाब वाटेतच गळतो. बारा व्होल्टच्या व्यवहारात ही चोरी लहान नव्हे. सोळा चौरस मिलिमीटरच्या तारेत ती पाव व्होल्टच्या आसपास येते.

खोक्यावर छापलेले हजारो वॅट या हिशोबात धरू नयेत. 1990 च्या दशकात भारतीय बाजारात बोकाळलेला पीएमपीओ हा आकडा क्षणिक कमाल शक्तीच्या नावाखाली वाटेल तितका फुगवला जाई. त्यापेक्षा यंत्रावरील फ्यूज प्रामाणिक असतो. फ्यूजांची बेरीज 40 अ‍ॅम्पिअर असेल, तर ते यंत्र सलग 552 वॅटहून जास्त ओढू शकत नाही, आणि एबी वर्गात त्यातून बाहेर 330 वॅटच्या आसपासच निघतात. शक्ती दुप्पट केल्याने आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो, हे ठाऊक असलेला ग्राहक खोक्यावरील आकड्यांना भुलत नाही.

रायगडातील गणपती विसर्जनाच्या मिरवणुकांत चालणाऱ्या डीजेच्या टेम्पोवर हाच नियम पुन्हा दिसतो. दहा किलोवॅटची यंत्रणा बारा व्होल्टवर चालवायची तर आठशेहून अधिक अ‍ॅम्पिअर लागतील, जे कोणत्याही टेम्पोच्या अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राच्या, आवाक्याबाहेर आहे. 230 व्होल्टवर त्याच कामाला 44 पुरतात. म्हणून टेम्पोची बॅटरी दिव्यांपुरती राहते आणि डीजेसाठी वेगळा डिझेल जनरेटर चढवला जातो.