पर्यवेक्षकाची उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द कानांवर पडला की आज आपल्या डोळ्यांसमोर निवडणूक उभी राहते. परंतु वाडवडिलांच्या बोलीत उमेदवारी करणे म्हणजे एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली राहून धंदा शिकणे. फारसीतून आलेल्या या शब्दाच्या पोटात ‘उमेद’ आहे. इंग्रजीतील ‘अप्रेंटिस’ या शब्दाच्या मुळाशी शिकणे आहे. त्या भाषेने शिकण्याकडे पाहिले, आपल्या भाषेने आशेकडे.

आपल्या कुटुंबांतील कितीतरी मुलेमुली हॉटेलांत व जहाजांवर अतिथिसेवेची कामे करतात. त्यांतील कोणी सुपरव्हायझरच्या पदाला पोहोचला की घरी पेढे वाटले जातात, आणि ते योग्यच आहे. मात्र इंग्लंडात अशा पदावरील माणसाला पद व पगार न सोडता त्याच कामाची रीतसर उमेदवारी करता येते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. दहा माणसांवर देखरेख करणाऱ्याने पुन्हा शिकाऊ व्हावे, यात त्याचा मान राहतो काय? या प्रश्नाचे उत्तर आम्ही इतिहासात शोधून पाहिले.

मध्ययुगीन युरोपात कारागिरांचे संघ होते. मुलगा उस्तादाच्या घरी राही, त्याच्याच ताटात जेवी आणि वर्षानुवर्षे हात बसवी. दोघांतील करार एकाच कागदावर दोनदा लिहून तो कागद मधोमध दातेरी कापीत. पुढे तंटा झालाच तर दोन्ही तुकड्यांचे दाते जुळवून खरेखोटे ठरवीत. त्या करारांत उमेदवाराने लग्न करू नये, जुगार खेळू नये, मद्यगृहांत वेळ दवडू नये अशा अटी असत. आज त्याच देशात मद्यगृहाचा पर्यवेक्षक उमेदवार म्हणून नोंदविला जातो, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा!

1563 साली राणी एलिझाबेथच्या राजवटीत कायदा झाला आणि किमान सात वर्षे उमेदवारी केल्यावाचून त्या काळच्या ठरावीक धंद्यांत कोणालाही शिरता येईना. या व्यवस्थेला एक काळी बाजूही होती. 1601 च्या गरीब-कायद्यानुसार निराधार मुलांना धर्मग्रामाचे अधिकारी उमेदवार म्हणून बांधून देत. पुढे अशी असंख्य मुले कापसाच्या गिरण्यांत राबली. शिकविणे नावापुरते उरले. खरी गरज होती ती स्वस्त हातांची. अखेर 1802 मध्ये पार्लमेंटला कायदा करून त्यांचे काम दिवसाला बारा तासांवर आणावे लागले व त्यांना लिहावाचायला शिकविण्याची सक्ती करावी लागली. धर्मग्रामाचे नाव या कथेत यावे, याचे आम्हां धर्मगुरूंना शल्य वाटते. 1814 साली सात वर्षांची सक्ती रद्द झाली.

अतिथिसेवेची परंपरा याहूनही जुनी आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत येणाऱ्या पाहुण्याचे स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्ताप्रमाणे करावे असे सांगितले आहे. पाहुण्यांच्या स्वयंपाकघरासाठी हे काम नीट जाणणारे दोन बांधव वर्षभरासाठी नेमावेत आणि गरजेप्रमाणे त्यांना मदतनीस द्यावेत, इतका व्यावहारिक तपशीलही त्यात आहे. प्रेमाच्या कामालाही कौशल्य लागते, हे त्या संताने ओळखले होते.

आधुनिक हॉटेलाचा पाया घालणारी माणसेही उमेदवारीतूनच वर आली. फ्रान्सचा ऑग्युस्त एस्कोफिए (जन्म 1846) तेराव्या वर्षी नीस शहरातील आपल्या चुलत्याच्या भोजनगृहात कामाला लागला. मोठ्या स्वयंपाकघरात प्रत्येक विभागाला एक प्रमुख आणि त्याच्या हाताखाली शिकणारे, ही शिस्त त्यानेच पक्की केली. त्याचा सहकारी सेझार रिट्झ (जन्म 1850) हा स्वित्झर्लंडमधील एका खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा. ब्रिग गावच्या हॉटेलात तो शिकाऊ म्हणून राहिला, पण ‘हा धंदा तुझा नव्हे’ असे सांगून मालकाने त्याला घालवून दिले. पुढे पॅरिसमध्ये त्याला बरी जागा मिळाली. तरीही ती सोडून व्वाझँ या नामांकित भोजनगृहात तो साहाय्यक वाढपी म्हणून खालच्या पायरीवर रुजू झाला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. वर चढण्यासाठी तो आधी दोन पायऱ्या खाली उतरला. 1898 साली पॅरिसमध्ये त्याच्या नावाचे हॉटेल उघडले, त्यामागे ही उतरण होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडातील उमेदवारी क्षीण झाली. 1990 च्या दशकात सरकारने तिला नवे रूप दिले, तेव्हा ती मुख्यतः तरुणांसाठी होती. पुढे वयाची अट गेली व नोकरीत मुरलेली माणसेही उमेदवार होऊ लागली. येथेच जुना धोका नव्या वेषात आला. ज्याला जे येतेच त्याचेच प्रमाणपत्र त्याला देऊन सरकारी पैसा खर्ची घालण्याचे प्रकार होऊ लागले. 2012 साली डग रिचर्ड यांनी सरकारला सादर केलेल्या अहवालात यावर नेमके बोट ठेवले: उमेदवारी ही नव्या कामासाठी वा नव्या जबाबदारीसाठी असावी; असलेल्या कौशल्यावर केवळ शिक्का मारणे म्हणजे उमेदवारी नव्हे.

त्यानंतर व्यवस्था बदलली. एप्रिल 2017 पासून ज्यांचा वार्षिक पगारखर्च तीस लाख पौंडांहून अधिक आहे, अशा मालकांवर अर्धा टक्का आकार बसविला गेला आणि तो पैसा प्रशिक्षणाकडे वळविला. अतिथिसेवा-पर्यवेक्षकासाठी तिसऱ्या स्तराची उमेदवारी आखली गेली. भोजनकक्ष, मद्यगृह, स्वागतकक्ष, खोल्यांची निगा अशा विभागांचे पर्यवेक्षक तीत येतात. पाळ्या लावणे, मालाचा हिशेब, अन्नाची सुरक्षितता, तक्रारीचे निवारण आणि मुख्य म्हणजे हाताखालच्या माणसांना घडविणे, हे तिचे विषय. कामाच्या वेळेचा पाचवा हिस्सा शिकण्यासाठी राखावा असा नियम होता. 2022 मध्ये त्याचे मोजमाप आठवड्याला किमान सहा तास असे केले गेले व नंतर त्यातही फेरफार झाले. शेवटची परीक्षा ज्याने शिकविले नाही अशा त्रयस्थाने घ्यावी, असेही ठरले.

आपल्याकडे मुंबईत दादरच्या खाद्यव्यवस्था महाविद्यालयाची सुरुवात 1954 साली झाली आणि 1961 मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. त्या कायद्याने उमेदवाराला कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानले. इंग्लंडच्या 2009 च्या कायद्याने मात्र उमेदवारीचा करार हा नोकरीचाच करार ठरविला. म्हणून तेथे एकच व्यक्ती अधिकारी आणि विद्यार्थी असू शकते. आपल्याकडे या दोन गोष्टी दोन खोल्यांत राहिल्या आहेत.

या इतिहासातून आम्हांला उमेदवारीच्या खरेपणाच्या तीन खुणा दिसतात: शिकण्यासाठी राखलेला वेळ, शिकविणारा माणूस आणि आधी येत नव्हते असे काहीतरी. गिरणीतल्या त्या पोरांना यांतले जवळजवळ काहीच मिळाले नाही. रिट्झने ते स्वतः शोधून मिळविले. तेव्हा आपल्या मुलामुलीला परदेशात अशी संधी चालून आली तर ‘आता पुन्हा शाळा कशाला?’ असे म्हणू नये. मालकाला मात्र हे तीन प्रश्न जरूर विचारावेत: शिकण्याचे तास कोणते, शिकविणार कोण, आणि नवे काय? शिकण्याचे तास पाळीतल्या गर्दीत बुडणार असतील, तर ती उमेदवारी नव्हे, नुसती राबणूक होय.

आम्ही स्वतः गुरुदीक्षा झाल्यावर साहाय्यक धर्मगुरू म्हणून पहिली वर्षे काढली. वेदीवर उभे राहण्याचा अधिकार हाती होता, परंतु मर्तिकाच्या घरी काय बोलावे आणि केव्हा गप्प बसावे, हे वडीलधाऱ्या धर्मगुरूंकडे पाहूनच शिकलो. त्या शिकण्याने आमचा मान गेला नाही. मिळालेल्या अधिकाराला शहाणपण तेवढे आले. हाताखालच्या माणसांना शिकविणाऱ्याने स्वतःची उमेद विझू देऊ नये, एवढेच या इतिहासाचे सांगणे आहे.