तळटीप : ऱ्होडेशियाचा निर्बंधकालीन व्यापार

* ‘निर्बंध व्यर्थ गेले’ : ११ नोव्हेंबर १९६५ रोजी इयन स्मिथ यांच्या श्वेतवर्णीय सरकारने ब्रिटनला झुगारून ऱ्होडेशियाचे स्वातंत्र्य एकतर्फी जाहीर केल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने १९६६ मध्ये निवडक व १९६८ मध्ये सर्वंकष आर्थिक निर्बंध लादले, परंतु ज्या देशास स्वतःचा समुद्रकिनारा नाही त्याची नाकेबंदी शेजाऱ्यांच्या संमतीवाचून पुरी होत नाही, आणि दक्षिण आफ्रिका व पोर्तुगीज अमलाखालील मोझांबिक यांनी ती संमती दिली नाही. बैरा बंदरासमोर ब्रिटिश युद्धनौका तेलवाहू जहाजांवर पहारा देत असता लोरेन्सू मार्किश बंदरातून आगगाडीने तेल बिनबोभाट आत जात असे. आणि ऱ्होडेशियाची तंबाखू, तिच्या उगमस्थानाचे खोटे दाखले जोडून, दुसऱ्याच मुलखाचा माल म्हणून परदेशी रवाना होई.

तथापि १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाला व पुढील वर्षी त्याने सरहद्द बंद केली, तेव्हा ऱ्होडेशियाची सारी मदार लिंपोपो नदीपलीकडील दक्षिण आफ्रिकेवर येऊन पडली. आणि अमेरिकेच्या मुत्सद्देगिरीस साथ देत त्या शेजाऱ्यानेही हात आखडता घेताच, सप्टेंबर १९७६ मध्ये स्मिथ यांना बहुसंख्याकांच्या राज्याचे तत्त्व मान्य करणे भाग पडले. सबब लेखकाचे उपरोक्त विधान मर्यादित अर्थानेच घ्यावे : निर्बंधांनी ऱ्होडेशियाचा व्यापार थांबविला नाही हे खरे, पण तो व्यापार ज्याच्या मर्जीवर चालला त्याच्या हाती त्यांनी त्या देशाचे भवितव्य सोपविले, आणि अन्यायाने मिळविलेली सत्ता परक्याच्या मेहेरबानीवर चिरकाल टिकत नाही. — संपादक