येवला ते ब्रह्मावर्त

शाळेच्या भिंतीवर हिंदुस्थानचा नकाशा असतोच. शिक्षकबंधूंनी त्यावर येवल्यापासून कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तापर्यंत फूटपट्टी धरून पाहावी. सरळ रेषेत अंतर भरते सुमारे 940 किलोमीटर. ताशी 800 किलोमीटर जाणाऱ्या विमानाला ही मजल सव्वा तासाची. येवल्याला विमानतळ नाही. पण शेजारी शिर्डीजवळ काकडी येथे 2017 पासून विमाने उतरू लागली, तेव्हा हा हिशेब आपल्याला अगदीच परका राहिलेला नाही.

आता तोच हिशेब बैलगाडीने करा. दिवसाला सात-आठ कोस, तेही वाट बरी असली तर. आणि वाट काही पाखराच्या झेपेसारखी सरळ नसते. मध्ये तापी, सातपुडा, नर्मदा, विंध्य, पुढे यमुना. दीड-दोन महिने सहज लागायचे. 1818 साली दुसरे बाजीराव इंग्रजांना शरण गेले आणि वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास जाऊन राहिले. त्यांच्या आश्रयाने येवल्याच्या पांडुरंगरावांचे बिऱ्हाडही तिकडे गेले. त्या बिऱ्हाडातले चारेक वर्षांचे पोर म्हणजे पुढचे सेनापती तात्या टोपे!

चाळीस वर्षांनी हे अंतर उलट्या बाजूने तोडायचा त्यांनी प्रयत्न केला, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या धावपळीत हाच भाग सर्वांत विलक्षण आहे. जून 1858 मध्ये ग्वाल्हेर पडले. इंग्रजांच्या अनेक तुकड्या पाठीवर असताना ऑक्टोबरअखेर तात्यांनी होशंगाबादेजवळ नर्मदा ओलांडली. पेशव्यांचा झेंडा दक्षिणेत शिरला तर काय होईल, या धास्तीने मुंबई सरकारची झोप उडाली. तात्या मुलताईपर्यंत आले, तेथून पश्चिमेला वळले आणि नोव्हेंबरात खरगोणला पोहोचले.

पुन्हा फूटपट्टी घ्या. खरगोण ते येवला सरळ रेषेत सुमारे 230 किलोमीटर. विमानाला वीस मिनिटे पुरतील. घोडेस्वाराला बरी वाट मिळाली तर पाच-सहा दिवस. पण ती वाट मोकळी नव्हती. मुंबई-आग्रा रस्त्यावरून फौज हलत होती, आणि तारायंत्राने बातमी घोड्याच्या कितीतरी पुढे पळत होती. तात्यांच्या लोकांनी त्या रस्त्यावर गाड्या लुटल्या, ताराही तोडल्या. तरी दक्षिणेचे दार उघडले नाही. ते पुन्हा नर्मदेपार गेले, आणि 1 डिसेंबरला छोटा उदेपूरला त्यांना लढाई द्यावी लागली.

7 एप्रिल 1859 रोजी, मानसिंगाने विश्वासघात केल्यावर, ते पाडौनच्या जंगलात पकडले गेले. चौकशीत दिलेल्या जबानीत त्यांनी आपले जन्मगाव सांगितले ते येवलेच : परगणा पाटोदा, जिल्हा नगर. वय सुमारे पंचेचाळीस. 18 एप्रिलला शिवपुरीस त्यांना फाशी दिले.

जबानीत ‘जिल्हा नगर’ कसे, असे एखादा चौकस मुलगा विचारील. त्याला सांगावे, की नाशिक जिल्हा वेगळा झाला तो 1869 मध्ये. पाटोदा मात्र आजही येवले तालुक्यातच आहे; बाजाराच्या दिवशी तिकडची माणसे भेटतात.