देठाची गोष्ट

रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून उतरले तेव्हा माझ्या पिशवीत फराळाच्या डब्याशेजारी एक चमत्कारिक वस्तू होती : धातूची जडशी चकती, तिच्यावर दाट उभ्या पितळी सुया. आत्याने ती उलटसुलट करून विचारले, "हे काय गं, नारळ खवायचं?"

याला केन्झान म्हणतात, मी सांगितले. मुंबईत मी इकेबाना, म्हणजे जपानी पुष्परचना, शिकू लागले होते. धडे झाले होते अवघे चार; पण नवशिक्याचा उत्साह विद्येपेक्षा नेहमीच मोठा!

परात घेतली नऊ इंच रुंद, दोन इंच खोल. सोफू तेशिगाहारांनी 1927 साली सुरू केलेल्या सोगेत्सू पंथाचा पहिला हिशेब असा : रुंदी आणि खोली यांच्या बेरजेची दीडपट ती मुख्य काडी, 'शिन'. तिच्या पाऊणपट 'सोए', आणि सोएच्या पाऊणपट 'हिकाए'. शिन जवळजवळ उभी, सोए निम्मी कललेली, हिकाए पार खाली झुकलेली. कुंपणाच्या सुरूच्या दोन डहाळ्या पाण्यात बुडवूनच तिरप्या कापल्या, म्हणजे देठात हवा शिरत नाही. तिसरा झेंडू. तो लांब देठासकट तोडला मात्र, आत्या कडाडली, "देठासकट? देवाला वाहायचं की पाहुण्यांना दाखवायचं?"

प्रश्न वर्मी लागला. आपण फूल पहाटे अलगद खुडतो, देठ टाकतो आणि ओवतो. आमच्याच जिल्ह्यात, दक्षिणेला राजपुरीच्या खाडीजवळ, कुड्याची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या एका शिलालेखात दाता म्हणून चक्क एका माळाकाराची नोंद आहे. फुले ओवणारा माणूस लेण्याला दान देतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

बुद्धापुढे फूल वाहण्याची ही रीत धर्माबरोबर चीन, कोरिया करीत सहाव्या शतकात जपानला पोहोचली. क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरातले पुजारी तळ्याकाठी राहत. 'इकेनोबो' म्हणजे तळ्याकाठची कुटी. त्यांच्यापैकी सेन्केईने रचलेली फुले पाहायला गावातले रसिक लोटले, अशी नोंद 1462 सालच्या एका भिक्षूच्या रोजनिशीत आहे. म्हणजे वाहणे आणि दाखवणे यांची गाठ तिथेच पडली. फरक एवढाच, की त्यांनी देठ टाकला नाही. फूल वाढते कसे, हेही देवापुढे ठेवले.

हे सारे मी आत्याला ऐकवले. ती करंज्यांना मुरड घालीत होती. हूं की चूं नाही. माझी शिन तीनदा आडवी झाली. चौथ्यांदा सुयांवर नेट धरून उभी राहिली, तेव्हा दिवेलागण झाली होती.

दिवा घेऊन परत आले तो परातीतून हिकाए गायब! झेंडू देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या पायाशी, देठासकट.

"तिथे उगाच ओणवं बसलं होतं," आत्या म्हणाली.