वजीरविरहित डावातील स्थितिगत लाभ

वजीरविरहित डाव म्हणजे बुद्धिबळाचा असा डाव, ज्यात दोन्ही वजिरांची अदलाबदल झालेली असते; परंतु पटावर हत्ती, उंट, घोडे व प्यादी पुरेशा संख्येने शिल्लक असतात. अशा डावात दोन्ही बाजूंचे बळ समान असूनही एका पक्षाची स्थिती किंचित सरस असू शकते. या लाभाचे विजयात रूपांतर करणे हे डावतंत्राचे महत्त्वाचे अंग मानले जाते. अचूक बचावापुढे असा डाव बहुधा बरोबरीत सुटतो. तथापि लाभ असलेल्या पक्षाला फारसा धोका न पत्करता दीर्घकाळ दबाव ठेवता येतो.

लाभाचे स्वरूप

वजीर नसल्याने राजावर थेट हल्ल्याची शक्यता कमी होते आणि प्याद्यांच्या रचनेचे महत्त्व वाढते. एकाकी किंवा एकाच स्तंभातील दुहेरी प्यादी, प्रतिस्पर्ध्याच्या प्याद्यांनी हाकलता न येणारा घोडा, मोकळ्या स्तंभावरील हत्ती, उंटांची जोडी आणि मध्यभागी लवकर पोहोचणारा राजा ही लाभाची प्रमुख रूपे होत.

तंत्र

* राजाचा वापर : वजीर पटावरून गेल्यावर राजा बऱ्याच अंशी सुरक्षित असतो. त्याला मध्यभागी आणून लढाऊ मोहऱ्याप्रमाणे वापरतात.
* दोन दुर्बलतांचे तत्त्व : एका दुर्बल जागेचे रक्षण बहुधा करता येते. म्हणून पटाच्या दुसऱ्या बाजूस आणखी एक दुर्बलता निर्माण केली जाते. बचाव करणाऱ्याची मोहरी दोन्हीकडे वेळेवर पोहोचू शकत नाहीत.
* घाई न करणे : प्रतिस्पर्ध्याकडे प्रतिहल्ल्याचे साधन नसेल, तर आधी स्वतःची मोहरी उत्तम घरांवर आणून मगच निर्णायक खेळी केली जाते. मिखाईल शेरेशेव्हस्की यांनी अंतिम डावाच्या डावपेचांवरील आपल्या ग्रंथात या तत्त्वाचे सविस्तर विवेचन केले आहे.
* अदलाबदलीची निवड : प्रत्येक अदलाबदल लाभ वाढवते किंवा घटवते. केवळ राजे व प्यादी उरल्यास एक अधिक प्यादे बहुधा विजय देते. हत्तींच्या अंतिम डावात मात्र एक प्यादे अधिक असूनही अनेकदा बरोबरी होते. विरुद्ध रंगांच्या घरांवरील उंट एकटेच उरल्यास बरोबरीची शक्यता आणखी वाढते.

उल्लेखनीय डाव

लास्कर – कापाब्लांका, सेंट पीटर्सबर्ग, १९१४ : रुय लोपेझ सुरुवातीच्या अदलाबदल प्रकारात सातव्या खेळीपर्यंत दोन्ही वजीर पटावरून गेले. राजाच्या बाजूस पांढऱ्याची चार प्यादी काळ्याच्या तीन प्याद्यांसमोर होती. दुसऱ्या बाजूस काळ्याची चार असली तरी त्यांतील दोन एकाच स्तंभात होती. त्याचा मोबदला म्हणून काळ्याकडे उंटांची जोडी होती. बाराव्या खेळीला इमॅन्युएल लास्कर यांनी प्यादे एफ५ वर नेले. यामुळे ई४ वरील प्यादे मागे राहिले, पण ई६ हे घर घोड्यासाठी उपलब्ध झाले. सोळाव्या खेळीला तेथे पोहोचलेल्या घोड्याने काळ्याची मोहरी जखडून ठेवली. पुढे एच स्तंभ मोकळा करून लास्कर यांनी दुसरी आघाडी उघडली. ३५व्या खेळीला ई५ वर प्यादे पुढे करून त्यांनी दुसऱ्या घोड्यासाठी ई४ घर रिकामे केले आणि ४२ खेळींत डाव जिंकला. ती स्पर्धा लास्कर यांनी अर्ध्या गुणाने जिंकली.

कार्लसन – आनंद, चेन्नई, २०१३ : विश्वविजेतेपद लढतीचे पहिले चार डाव बरोबरीत सुटले होते. पाचव्या डावात १५व्या खेळीला वजिरांची अदलाबदल झाली. २२व्या खेळीनंतर दोन्ही बाजूंकडे दोन हत्ती, एकाच रंगाच्या घरांवरील एक उंट आणि पाच प्यादी होती. मात्र विश्वनाथन आनंद यांची प्यादी चार गटांत विखुरलेली होती, तर मॅग्नस कार्लसन यांची तीन गटांत. एवढ्याशा फरकावर कार्लसन यांनी खेळ सुरू ठेवला. आनंद यांनी ४५व्या खेळीला हत्तीने दिलेला शह ही निर्णायक चूक मानली जाते. तोपर्यंत डाव वाचवणे शक्य होते. कार्लसन ५८ खेळींत विजयी झाले आणि पुढे लढत ६.५–३.५ अशी जिंकून विश्वविजेते बनले.

बचाव व मर्यादा

बचाव करणारा पक्ष प्याद्यांची अदलाबदल करून दुर्बलतांची संख्या घटवतो, मोहरी सक्रिय ठेवतो आणि प्रसंगी एक प्यादे देऊन बरोबरीचा अंतिम डाव गाठतो. लंडन येथे २००० मध्ये व्लादिमीर क्रामनिक यांनी गॅरी कास्पारोव्ह यांच्याविरुद्ध बर्लिन बचाव वापरला. त्यात आठव्या खेळीला वजीर जातात, काळ्याला किल्लेकोट करता येत नाही आणि त्याची प्यादी एका स्तंभात दुहेरी होतात. तरीही कास्पारोव्ह यांना त्या लढतीत एकही डाव जिंकता आला नाही आणि क्रामनिक ८.५–६.५ अशा गुणांनी विश्वविजेते झाले. स्थितीचा लाभ दीर्घकाळ टिकला तरी बचावात चूक न झाल्यास विजय मिळतोच असे नाही, हे या लढतीने दाखवून दिले.