मुंबई दाखवताना

माझ्याकडे गोविंद नारायण माडगांवकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकाची जी प्रत आहे ती न. र. फाटकांनी संपादित केलेली, १९६१ ची. कल्याणच्या एका रद्दीवाल्याकडे मिळाली, पुठ्ठा निखळलेला. मी इतिहासाचा पदवीधर नाही. खर्डी स्टेशनाजवळचे दुकान सांभाळून जे वाचता आले ते वाचले. तरी गेली वीस वर्षे आमच्या भागातून कोणी मुंबई बघायला निघाले की ‘तुम्हीच चला हो बरोबर’ असे मला म्हणतात, आणि मी हे पुस्तक पिशवीत टाकून निघतो.

मूळ पुस्तक १८६३ चे. मुंबई शहरावर मराठीत लिहिलेले हे पहिले मोठे पुस्तक. माडगांवकर १८१५ साली गोव्यात जन्मले आणि लहानपणी मुंबईत आले. मला वाटते, पुस्तकाचा सारा जीव या एका गोष्टीत आहे. जो शहरातच जन्मतो त्याला रस्त्यावरची गर्दी, बाजारातल्या दहा भाषा, गोदी, छापखाने यांत सांगण्यासारखे काय आहे हे कळत नाही. बाहेरून आलेल्याला ते कळते, आणि पुढच्या येणाऱ्याला सांगावेसेही वाटते. माडगांवकर पाहुण्याला हाताला धरून फिरवतात. देवळे, तलाव, शाळा, गिरण्या, वेगवेगळ्या जातींचे व्यवहार, कशाचाही कंटाळा नाही. कधी कधी सरकारच्या कौतुकात ते जरा वाहवत जातात. त्या पिढीचा तो स्वभावच होता, मी त्यावर फार रागावत नाही.

वेळही विलक्षण होती. बार्टल फ्रियर १८६२ मध्ये गव्हर्नर म्हणून आले आणि कोटाची तटबंदी पाडायला घेतली गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. पुढे १८६५ मध्ये ते युद्ध संपले, शेअरबाजार कोसळला, आणि माडगांवकरही त्याच वर्षी गेले. म्हणजे एक शहर मोडून दुसरे उभे राहत असताना, ऐन मधल्या क्षणी, हा माणूस हातात लेखणी घेऊन उभा होता. चर्चगेटला आज स्टेशन आहे, पण ते ‘गेट’ कुठे आहे असे मुले विचारतात तेव्हा मी त्यांना फ्लोरा फाउंटनपाशी नेतो. कोटाचा तो दरवाजा होता तिथेच १८६४ मध्ये हे कारंजे उभे राहिले.

ते वाचणार कोण होते? शहरातले तर होतेच. पण १८६१ च्या आरंभी आगगाडी कसाऱ्यापर्यंत आली होती. आमच्या बाजूचा माणूस सकाळी गाडीत बसून त्याच दिवशी बोरीबंदरला उतरू शकत होता. पूर्वी मुंबईला जायचे म्हणजे घाटमाथ्यावरून भिवंडी-कल्याणपर्यंत बैलगाडी आणि पुढे होडी. ‘मुंबई पाहून येणे’ ही गोष्ट गावच्या माणसाच्या आवाक्यात आली ती रुळांमुळे, आणि शहराची ओळख करून देणाऱ्या पुस्तकाला गिऱ्हाईकही त्यामुळेच मिळाले. १८८९ मध्ये मोरो विनायक शिंगणे यांचे ‘मुंबईचा वृत्तांत’ आले तोवर तर सारा मुलूख येत-जात होता.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका वाचनालयात मी भाषण केले आणि आवेशात म्हणालो, ‘माडगांवकरांनी मुंबईचे एवढे गोडवे गायले, पण ती कोणाचे पाणी पिते ते सांगितले नाही!’ टाळ्या पडल्या. घरी येऊन सनावळी लावली आणि खजील झालो. १८६३ साली मुंबई आमचे पाणी पीतच नव्हती. विहिरी आणि तलाव यांवर ते बेट जगत होते. भिखा बेहराम यांनी १७२५ मध्ये खोदलेली विहीर आजही चर्चगेटजवळ आहे. धोबीतलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक यांची पाणी गेली, नावे राहिली. (पुढे हिवतापाच्या डासांमुळे पुष्कळ विहिरीही बुजवल्या गेल्या.) १८५० नंतरच्या दशकात टंचाई इतकी वाढली की होड्यांतून आणि आगगाडीतून पाणी आणावे लागले. मग हेन्री कॉनिबेअरच्या आराखड्याने मिठी नदी अडवून १८६० मध्ये विहार तलाव पुरा झाला. माडगांवकरांच्या वेळचे नळाचे पाणी ते साष्टीतले, विहारचे. तीस वर्षे पुढची तक्रार मी त्यांच्या गळ्यात बांधली होती. शिकवणारा कोणी नसला की अशी फसगत होते.

आमचा तालुका त्यात आला तो १८९२ मध्ये. तुळशी तलाव १८७९ मध्येच झाला होता, तोही पुरेना. तेव्हा तानसा नदीवर जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांबीचा दगडी बांध घातला गेला आणि लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नंतर वैतरणेवरचे मोडकसागर, १९५७ चे. महापालिकेच्या अभियंत्यांचे, मोडकांचे नाव त्याला आहे. हेच मोडक १९४८ च्या बृहन्मुंबई आराखड्यात अल्बर्ट मेयर यांच्याबरोबर होते. मग अप्पर वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज मुंबईला रोज सुमारे ३,८०० दशलक्ष लिटरच्या वर पाणी लागते. त्यातले निम्मे तर एकट्या भातसाचे, आणि ते धरण शहापूर तालुक्यातच आहे. म्हणजे जो आरोप माडगांवकरांवर लागू नव्हता, तो त्यांच्यानंतरच्या मार्गदर्शकांवर लागू होतो. गेटवे, राजाबाई टॉवर, राणीचा बाग, सगळे सांगतात. नळ कुठून आला ते नाही.

तीनेक वर्षांपूर्वी माझी आत्या पहिल्यांदा मुंबईला आली. वय पंच्याहत्तरच्या पुढे. तानशाच्या जलाशयापासून तिचा पाडा चालत तासाभरावर, आणि तिथे मार्चपासून टँकर लागतो. तिला म्हातारीचा बूट बघायचा होता. नातवाच्या पुस्तकात तिने त्याचे चित्र पाहिले होते. मलबार हिलला आधी हँगिंग गार्डन लागले. बाग फिरोजशहा मेहतांच्या नावाची, हिरवळ, कापून केलेले झुडपांचे हत्ती. तिथे मी तिला सांगितले, ‘आत्या, ही बाग जमिनीवर नाही. खाली पाण्याची मोठी टाकी आहे, वर माती टाकून झाडे लावलीत. आपल्याकडचं पाणी भांडुपला गाळून इथे येतं आणि खाली गिरगाव-कुलाब्याकडे जातं.’

तिने चप्पल काढून हिरवळीवर पाय ठेवला. जरा वेळ खाली बघत राहिली.

‘मे म्हयन्यात बी भरल्यालं असतं का रं?’

असतं, म्हणालो. काही वेळा पाणीकपात होते, तेही सांगितले, पण ते सांगताना माझा मलाच आवाज पोकळ वाटला. तिने पुढे काही विचारले नाही. एक माळी रबरी नळीने पाणी घालत होता, त्याला मात्र म्हणाली, ‘दुपारचं नको घालू बाबा, उडून जातं.’ त्याने हसून नळी दुसऱ्या वाफ्यात टाकली.

तेव्हापासून मी माझा क्रम बदलला आहे. पाहुण्यांना मुंबई दाखवायची ती व्ही.टी.पासून नाही. आदल्या दिवशी तानशाच्या बांधावर लांबूनच नजर टाकायची, कारण जवळ जाऊ देत नाहीत. मग सकाळची कसारा लोकल. वाटेत नळांची ओळ कुठे दिसते ते मुलांना मोजायला सांगतो. माडगांवकर उघडायचे ते भायखळा गेल्यावर.

त्या दिवशी आम्ही रस्ता ओलांडून बूटही पाहिला. आत्याला तो चित्रापेक्षा लहान वाटला.